कन्सल्टंट म्हणायचं आणि हजेरीही घ्यायची

अर्थसंकल्प झाला की, आणि पुढे जुलैत रिटर्न भरायची घाई सुरू झाली की, एक हिशेब हमखास फिरायला लागतो. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत वर्षाला २४ लाख पगार असलेल्या माणसाला, पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट धरून आणि सेस मिळवून, २,९२,५०० रुपये कर बसतो. तेवढेच २४ लाख ‘प्रोफेशनल फी’ म्हणून घेणाऱ्याला बसतो शून्य. कारण त्यातले निम्मे खर्चापोटी गेले असं कायदाच गृहीत धरतो, आणि उरलेल्या १२ लाखांवरचा कर रिबेटमध्ये माफ होतो. हिशेब बरोबर आहे. त्यावरून पेटणारा वाद मात्र भलत्याच जागी पेटतो. नोकरदार म्हणतात, आमचा कर पगार हातात यायच्या आधीच कापला जातो आणि हे लोक मजा मारतात. फ्रीलान्सर म्हणतात, तुम्हाला पीएफ आहे, भरपगारी रजा आहे, आम्ही तापाने पडलो तर त्या दिवसाची कमाई गेली. दोघंही एकमेकांच्या ताटात बघताहेत आणि वाढप्याकडे कुणाचं लक्ष नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. स्वतंत्र कंत्राटदार कोणाला म्हणायचं, हे त्याचा टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारजमा केलेला कर, कोणत्या कलमाखाली कापला गेला यावरून ठरता कामा नये. कामाची वेळ, पद्धत आणि दर ठरवायचा अधिकार कोणाकडे आहे, आणि काम थांबलं तर भुर्दंड कोणावर पडतो, यावरून ते ठरायला हवं. आज कितीतरी करारांत अधिकार सगळे कंपनीकडे आणि भुर्दंड सगळा काम करणाऱ्याच्या माथी अशी वाटणी झालेली दिसते. करसवलतीमुळे ही वाटणी काम करणाऱ्यालाही काही वर्षं फायद्याची वाटते, म्हणून तोही गप्प बसतो.

आधी करसवलतीचं बोलू, कारण तिथे नोकरदारांचा राग अगदीच अनाठायी नाही. गृहीत नफ्याची ही सोय २०१६ च्या वित्त कायद्याने आली. नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले असले तरी लोकांच्या तोंडात ती अजून ‘४४एडीए’च आहे. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, इंजिनिअर, सीए, तांत्रिक सल्लागार वगैरेंनी वह्या-पावत्यांचं लचांड न ठेवता जमा रकमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची. मर्यादा ५० लाखांची, आणि रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असतील तर ७५ लाखांची. दवाखान्याचं भाडं, कंपाउंडरचा पगार, एक्स-रे मशीनचा हप्ता भरणाऱ्या डॉक्टरला निम्मा खर्च सहज होतो. घरच्या टेबलावर एक लॅपटॉप आणि एक इंटरनेट कनेक्शन एवढाच पसारा असलेल्या सॉफ्टवेअर सल्लागाराला तो कधीच होत नाही, हे त्यालाही ठाऊक असतं. अशांसाठी गृहीत नफा ५० वरून ६५ टक्के केला तरी माझी हरकत नाही. शिवाय त्याच कंपनीत, त्याच खुर्चीवर बसून, निव्वळ कर वाचवण्यासाठी राजीनामा देऊन दुसऱ्या दिवशी ‘कन्सल्टंट’ होणारे लोक आहेत, आणि त्यांचं समर्थन करायचं मला काही कारण दिसत नाही. रोजगार हमी योजनेसाठी १९७५ साली महाराष्ट्राने लावलेला व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये आहे. स्वतःच्या नावाने काम करणाऱ्यांपैकी कितीजण त्याची नोंदणी करतात, हा प्रश्न फ्रीलान्सरांच्या मेळाव्यात विचारला तर शांतता पसरेल.

पण हा २४ लाखांचा माणूस या साऱ्या वर्गाचा प्रतिनिधी कधीपासून झाला? नाशिकला बसून सबटायटल करणारी, साताऱ्यात पाठ्यपुस्तकांची चित्रं काढणारा, पुण्यात शब्दाच्या दराने भाषांतर करणारी, यांच्याकडे बघा. समजा वर्षाला पाच लाखांची बिलं झाली. पाचच्या पाच लाख उत्पन्न धरलं तरी कर शून्य. तरीही एका क्लायंटकडची रक्कम वर्षात ५० हजारांच्या पुढे गेली की तो फीवर १० टक्के टीडीएस कापतो. म्हणजे ५० हजारांपर्यंतची रक्कम सरकारजमा होते आणि रिटर्न भरल्यावर परत येते. एप्रिलमध्ये कापलेला पैसा पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात हातात. तेच बिल ‘कंत्राटी काम’ म्हणून नोंदलं गेलं तर व्यक्तीला एकच टक्का कापला जातो. दोन्हींपैकी काय, ते बहुधा क्लायंटच्या अकाउंट्स विभागात बसलेला माणूस ठरवतो. उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी. एप्रिलमध्ये एक लाखाचं बिल केलं, त्यावर १८ हजार जीएसटी. तो मे महिन्याच्या वीस तारखेपर्यंत भरायचा. क्लायंट पैसे देणार जुलैत. वर तोच सांगणार, ‘तुमचा जीएसटी पोर्टलवर दिसू दे, मग तेवढी रक्कम सोडतो.’ म्हणजे क्लायंटने न दिलेला कर स्वतःच्या खिशातून भरायचा आणि भरल्याचा पुरावा त्यालाच दाखवायचा. याला करसवलत उपभोगणं म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

दराचं गणित तर याहून वाईट पद्धतीने मांडलं जातं. कंपनी म्हणते, ‘आमच्याकडे या कामाला महिना साठ हजार पगार आहे, तुम्हालाही साठच देतो.’ ऐकायला न्याय्य. आता कागद घ्या. साठ हजारांनी वर्षाचे ७ लाख २० हजार. वर्षातले शनिवार-रविवार सोडले तर २६१ दिवस उरतात, म्हणजे पगारदाराचा दिवस पडला साधारण २,७५० रुपयांना. सणवार आणि रजा मिळून एकतीस दिवस तो घरी असतो आणि त्यांचाही पगार घेतो. फ्रीलान्सरचे ते दिवस कोरडे, उरले २३०. त्यातले साठेक दिवस नवं काम शोधण्यात, कोटेशन देण्यात, बिलं करण्यात, ‘सर, पेमेंटचं काय झालं’ असे मेल लिहिण्यात जातात. बिल लावता येईल असे दिवस राहिले १७०. कंपनीने भरलेला पीएफ आणि ग्रॅच्युइटी, मूळ पगार तीस हजार धरला तर, वर्षाला साठ हजारांच्या घरात. ती तरतूद आता स्वतःची स्वतः. आरोग्यविमा पंचवीस हजार. लॅपटॉपची झीज, सॉफ्टवेअरचं भाडं, वीज, इंटरनेट मिळून सत्तर हजार. बेरीज पावणेनऊ लाख, भागिले १७०. दिवसाला सव्वापाच हजारांच्या आसपास. म्हणजे नोकरीइतकंच मिळवायचं तर दर जवळजवळ दुप्पट हवा. दुप्पट दर मागितला की क्लायंटच्या भुवया वर जातात, आणि गंमत म्हणजे त्याच क्लायंटला मोठ्या सल्लागार कंपनीचं तिप्पट बिल भरताना काही वाटत नाही. यात फ्रीलान्सरांचाही दोष आहेच. ‘पहिलं काम कमी दराने करून देतो, पुढे बघू’ म्हणणारे आपलाच नव्हे तर सगळ्यांचा बाजारभाव पाडतात, आणि ते ‘पुढे’ काही उगवत नाही.

काही दिवसांपूर्वी पुण्यातल्या एका डिझायनर मुलीने तिचा करार वाचायला दिला. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत: उभय पक्षांमध्ये मालक आणि नोकर असं नातं नाही व असणार नाही. तिसऱ्या पानावर कामाची वेळ सकाळी दहा ते सात, ऑफिसात येऊन, अंगठा लावून. महिन्याला एक दिवस ‘अनुपस्थिती मान्य’, त्यापुढे रक्कम कापली जाईल. कंपनीचा लॅपटॉप, त्यावर दर काही मिनिटांनी स्क्रीनचं चित्र टिपणारं सॉफ्टवेअर. दुसऱ्या कोणाचंही काम घ्यायचं नाही, शनिवारी घरी बसून केलेलंही नाही. तिला काम सोडायचं तर साठ दिवसांची नोटीस. कंपनीला तिला काढायचं तर सात. काम सुटल्यावर वर्षभर स्पर्धक कंपनीत जायचं नाही, हेही होतं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ असली बंदी जवळपास टिकूच देत नाही, पण चोवीस वर्षांच्या मुलीला घाबरवायला ती पुरते. बिलाचे पैसे ४५ दिवसांनी. अकरा महिन्यांचा करार, नंतर नवा. आता पहिल्या पानावरचं ठळक वाक्य झाकून ठेवा आणि हा कागद कोणाही जुन्या कामगार पुढाऱ्याला दाखवा. तो याला नेमणूकपत्र म्हणेल, आणि तेही वाईट नेमणूकपत्र.

यावर ठरलेला प्रतिवाद असा: तिने सही केली ना? कोणी बंदूक रोखली होती? या आक्षेपातला खरा भाग मान्य करायला हवा. स्वखुशीने स्वतंत्र राहणारे पुष्कळ आहेत. मुलं लहान असताना दिवसाचे चार तासच काम करू इच्छिणारी आई, तीन देशांतल्या क्लायंटचं काम एकदम करणारा प्रोग्रामर, नोकरीच्या राजकारणाला विटलेला संपादक. यांना जबरदस्तीने हजेरीपटावर घालणं म्हणजे त्यांचं नुकसान. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे पुण्याच्या रुबी हॉल क्लिनिकचं प्रकरण होतं. तिथल्या सल्लागार डॉक्टरांना दिला जाणारा मोबदला हा पगारच आहे असं आयकर खात्याचं म्हणणं. न्यायालयाने ते मानलं नाही, डॉक्टरांना व्यावसायिकच ठरवलं. मला यात खटकण्यासारखं काही वाटत नाही. नावाजलेल्या शल्यविशारदामागे त्याचे पेशंट येतात, एक रुग्णालय सोडलं तर दुसरं दार उघडं असतं, आणि वाटाघाटीला बसताना दोन्ही बाजूंचं वजन तोलामोलाचं असतं. पण शल्यविशारदाला लागू पडणारं तर्कशास्त्र अंगठा लावणाऱ्या डिझायनरला जसंच्या तसं चिकटवायचं, ही कुठली समानता?

आणि सहीचा मुद्दा आपल्या न्यायालयांनी कधीच निकालात काढला आहे. कच्छच्या छोट्या रणाकाठी मीठ पिकवणाऱ्या अगरियांचा खटला स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ध्रांगध्रा केमिकल वर्क्सचं म्हणणं असं की हे स्वतंत्र कंत्राटदार आहेत. बाजू भक्कम दिसत होती. कामाचे तास ठरलेले नव्हते, हजेरीपट नव्हता, मोबदला मिठाच्या वजनावर, घरची माणसं हाताशी घेऊन किंवा स्वतःच्या पैशाने मजूर लावून काम चाले, आणि पावसाळ्यात मंडळी आपापल्या गावी शेतीला जात. एवढं सगळं असूनही न्यायालयाने त्यांना कामगार ठरवलं. काम कसं करायचं यावर देखरेख कंपनीची, अगरिया स्वतःच्या अंगमेहनतीने त्यात राबतो, मदतनीस लावले म्हणून त्याचं कामगारपण जात नाही, असा त्या निकालाचा रोख होता. अगरियांजवळ जी मोकळीक होती त्याच्या निम्मीही आमच्या डिझायनरजवळ नाही. मराठी वृत्तपत्रांच्या वाचकांना तर लांब जायलाच नको. तालुक्याचा वार्ताहर आठवा: नावापुढे पेपरचं नाव, हातात नाममात्र मानधन, आणि खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनवर. बातमी चुकली तर तो पेपरचा, अपघात झाला तर तो स्वतंत्र. सही त्यानेही केलेली असते.

मग उपाय काय, सगळ्यांना नोकर ठरवून टाकायचं? इथे विरोधकांचा सर्वांत दमदार मुद्दा येतो, आणि त्याला पुरावा आहे ब्रिटनचा. एकाच क्लायंटकडे नोकरासारखं राबणाऱ्या, पण स्वतःच्या एकमाणशी कंपनीच्या नावाने बिल करणाऱ्या लोकांवर तिथे २००० सालापासून ‘आयआर३५’ नावाचे नियम आहेत. २०१७ मध्ये सरकारी संस्थांत आणि २०२१ मध्ये मध्यम व मोठ्या खासगी कंपन्यांत, अमुक माणूस नियमाच्या आत की बाहेर हे ठरवायची जबाबदारी क्लायंटवर आली. चुकलो तर दंड आपल्याला, म्हणून कितीतरी मोठ्या कंपन्यांनी, बँकांनी असे कंत्राटदार घेणंच बंद केलं. लंडनच्या आसपास आयटीत कंत्राटावर काम करणाऱ्या आपल्या मंडळींना ‘इनसाइड’ की ‘आउटसाइड’ हा प्रश्न दराच्याही आधी विचारायची सवय लागली ती तेव्हापासून. जे ‘इनसाइड’ ठरले त्यांचा कर नोकरासारखा कापला जाऊ लागला. मध्यस्थ अम्ब्रेला कंपनीतून पगार घेतला तर मालकाने भरायचं राष्ट्रीय विम्याचं हप्तारूपी ओझंही त्यांच्याच रोजच्या दरातून वळतं होऊ लागलं. बदल्यात क्लायंटकडून ना रजा, ना आजारपणाचा पगार, ना नोकरीची हमी. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

या अनुभवावरून आपल्याकडचे उद्योगवाले निष्कर्ष काढतात की हात लावू नका. मला उलटं दिसतं. तिथे फसलं ते एवढ्यासाठी, की प्रश्न फक्त कर खात्याने हातात घेतला. महसूल बुडतोय ही त्यांची काळजी होती. काम करणाऱ्याचे हक्क ही दुसऱ्या कोणाची तरी. आपल्याकडे २४ लाखांच्या हिशेबावरून जो आरडाओरडा चालू आहे तो नेमका त्याच वाटेने नेणारा आहे. उद्या सवलत काढून घेतली, तर सरकारला कर मिळेल, नोकरदारांना समाधान मिळेल, आणि त्या डिझायनरचा अंगठा, स्क्रीनचं चित्र, सात दिवसांची नोटीस सगळं जागच्या जागी राहील.

नोकर किंवा धंदेवाला, मधे काही नाही, हा हट्ट महाराष्ट्राने तरी धरू नये, कारण तो मोडण्याचं काम इथेच झालेलं आहे. मुंबईच्या मसाल्याच्या, धान्याच्या, लोखंडाच्या बाजारांत पाठीवर ओझी वाहणारा माथाडी आज या पेढीचा माल उतरवी, उद्या त्या पेढीचा. मग मालक कोण? कोणीच नाही, असं व्यापाऱ्यांचं उत्तर होतं, आणि वरवर पाहता ते खोटंही नव्हतं. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाडी संघटित झाले आणि १९६९ चा माथाडी कायदा आला. त्याने माथाडीला कोणा एका शेटजीचा नोकर केलं नाही. मंडळं नेमली, माथाडी आणि व्यापारी दोघांची नोंदणी केली, मजुरी मंडळामार्फत द्यायची असं ठरवलं, आणि मजुरीवर टक्केवारीने लेव्ही बसवली. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, दवाखाना या लेव्हीतून. टोळी दहा पेढ्यांवर गेली तरी प्रत्येक पेढी आपापल्या वाट्याचं भरणार. राजस्थानने २०२३ मध्ये अ‍ॅपवर राबणाऱ्यांसाठी केलेला कायदा, मंडळ आणि प्रत्येक व्यवहारावर शुल्क, याच वळणाचा आहे. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेतही अ‍ॅपकंपन्यांच्या उलाढालीतून एक ते दोन टक्के घ्यायची तरतूद आहे. पण थेट कंपनीशी करार केलेल्या भाषांतरकाराच्या नावाने तिथे वर्गणी भरणार कोण?

माथाडीचं नाव काढलं की चाकणपासून नव्या मुंबईपर्यंतचे कारखानदार कपाळाला हात लावतात. माथाडीच्या नावाखाली न केलेल्या कामाची ‘वाराई’ उकळणाऱ्या टोळ्या त्यांनी पाहिल्या आहेत, आणि ती तक्रार खोटी म्हणता येत नाही. मात्र ती गुंडगिरी मालाच्या गेटवर चालते, कारण ट्रक अडवता येतो. ई-मेलने जाणारं भाषांतर अडवायला कोण उभा राहणार? आणि मंडळाला जे नोंदणीवही, हजेरी, पावत्या असं सारं उभं करावं लागलं ते इथे तयारच आहे. प्रत्येक बिलावर पॅन आहे, टीडीएस कापला जातो, दर तिमाहीला त्याचं विवरण जातं, काम करणाऱ्याला आयकराच्या पोर्टलवर ते दिसतं. त्याच वाटेने क्लायंटने फीच्या वर चार-पाच टक्के जास्तीचे भरावेत आणि ते काम करणाऱ्याच्या पॅनला जोडलेल्या पेन्शन खात्यात आणि आरोग्यविम्यात जावेत. कायदा बदलावा लागेल, यंत्रणा नवी लागणार नाही. आणि कामाची ठरावीक वेळ, दुसरं काम घ्यायला बंदी आणि रजेची परवानगी या तिन्ही गोष्टी करारात असतील, तर हा माणूस नोकर नाही हे सिद्ध करायचा भार कंपनीवर टाकावा.

थकलेल्या पैशांबाबत तर आपण एक धडा आधीच गिरवला आहे. २००६ च्या लघुउद्योग कायद्यात ४५ दिवसांत पैसे द्या, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्या, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. उद्यम नोंदणी केलेला एकटा फ्रीलान्सरही त्यात बसतो. पण व्याज मागायला जाणार कोण? गेला की क्लायंट गेला. मग आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं: सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळणार नाही. २०२४ च्या मार्चमध्ये वर्षानुवर्षं न हलणाऱ्या अकाउंट्स विभागांना अचानक जाग आली. काही खरेदीदारांनी पुरवठादारांना ‘नोंदणीच रद्द करा’ असं सांगितल्याच्याही तक्रारी झाल्या, म्हणजे पळवाटा शोधणारे होतेच. पण फरक कशाने पडला ते बघा. तक्रार करायचं धाडस दुबळ्या बाजूकडून मागितलं गेलं नाही. कंपनीचा स्वतःचा सीएच तिला विचारू लागला.

शेवटचा आक्षेप नेहमीचा: असं केलं तर दर वाढतील, कंपन्या कंत्राटं कमी देतील. काही प्रमाणात होईलही. पाच-सहा माणसांच्या स्टार्टअपला हे जड जाईल, त्यांना पहिली काही वर्षं लेव्हीतून सूट द्यायला माझी ना नाही. पण ज्या कामाचा खरा खर्च दिवसाला सव्वापाच हजार आहे ते पावणेतीन हजारांत होत असेल, तर मधले अडीच हजार आज कोणीतरी भरतंच आहे. कोणी न काढलेल्या विम्यातून, कोणी न साठलेल्या म्हातारपणातून, कोणी नवऱ्याच्या किंवा बायकोच्या पगारातून. दर वाढला तर तो खर्च नव्याने निर्माण होणार नाही, ज्याच्या वहीत असायला हवा त्याच्या वहीत चढेल. तेव्हा २४ लाखांचा हिशेब पुढे पाठवणाऱ्या नोकरदार मित्रांनी आपल्याच ऑफिसात शेजारच्या टेबलावर अंगठा लावून बसणारे कन्सल्टंट किती आहेत, ते एकदा एचआरला विचारून बघावं. पुढच्या ले-ऑफनंतर ‘कन्सल्टंट म्हणून राहता का’ हा देकार त्यांनाही येऊ शकतो, आणि तेव्हा दर ठरवायला ते बसणार आहेत की एचआर?